ज्याचं दप्तर, त्याला विचार

बँकेत पहिला संगणक आला तेव्हा त्याच्या शेजारचं टेबल माझं होतं. त्यावर काम करायचा दुसराच एक चुणचुणीत तरुण. माझ्याकडे फक्त संध्याकाळी त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर घालायचं काम होतं. पण एवढ्या भांडवलावर आमच्या खानदानात माझी ख्याती 'कॉम्प्युटरमधला माणूस' अशी झाली आणि ती निवृत्तीनंतरही ओसरलेली नाही. कुणाला कसलीही माहिती हवी झाली की मला फोन येतो. ज्या फोनवरून तो येतो त्याच फोनमध्ये ती माहिती असते, हे मी सांगून पाहिलं. पण समोरचा म्हणतो, "तसं नाही, तुम्हाला बरोब्बर सापडतं." एकदा असं म्हटलं की माझं तोंड बंद होतं आणि चष्मा डोळ्यांवर चढतो.

सगळ्यांची समजूत एकच. माहिती एकाच ठिकाणी असते आणि त्या ठिकाणाचं नाव गूगल. चिक्कीचा गूळ, मेहुण्याची गाडी, आत्याचा गुडघा, गावची जमीन, सगळं त्या एका पांढऱ्या चौकोनात टाकायचं, जे पहिलं वर येईल ते उचलायचं आणि "नेटवर असं आहे" म्हणून मोकळं व्हायचं. पूर्वी "पेपरात छापून आलंय" म्हटलं की वाद संपायचा. आता "नेटवर आहे" म्हटलं की संपतो. फरक इतकाच, की पेपरात निदान एकच काहीतरी छापून यायचं.

विचारण्याच्या पद्धतीही माणसागणिक वेगळ्या. आमची आत्या त्या चौकोनाला पत्र लिहिते. "नमस्कार. माझे वय अठ्ठ्याहत्तर असून गेली काही वर्षे उजवा गुडघा दुखतो. तरी उपाय सुचवावा. कळावे." मी तिला म्हटलं, "आत्या, नुसतं 'गुडघेदुखी उपाय' लिहिलं तरी चालतं." ती म्हणाली, "अरे, फुकट सांगतोय बिचारा, दोन शब्द नीट बोलायला काय जातं?" यावर मला उत्तर सुचलं नाही. शिवाय आत्याची पद्धत अगदीच निराधार नव्हती. १९९० च्या दशकात 'आस्क जीव्ज' नावाचं एक शोधयंत्र होतं. त्यावर सुटाबुटातल्या बटलरचं चित्र असे आणि त्याला पूर्ण वाक्यात प्रश्न विचारावा अशी अपेक्षा असे. २००६ साली त्या बटलरला सक्तीची निवृत्ती मिळाली. आत्याला हे कळलं तेव्हा तिनं पहिलं विचारलं, "पेन्शन देतात का त्याला?"

पुढे टंकायचा कंटाळा आला म्हणून ती फोनशी बोलू लागली. तिनं विचारलं, "गुडघ्याला काय लावू?" फोननं लिहिलं, "गुडघ्याला गाय लावू." उत्तरात गाईच्या तुपाचे फायदे आले, भरघोस आले. आत्यानं आनंदानं मला फोन केला, "बघ, मी इतकी वर्षं तूपच सांगत होते." त्या दिवसापासून तिचा विज्ञानावर गाढ विश्वास बसला आहे.

तळमजल्यावरच्या नानांची तऱ्हा याच्या उलट. नाना प्रश्न विचारतच नाहीत, निकाल टंकतात. "कारल्याचा रस सर्व रोगांवर गुणकारी का आहे?" झालं! कारल्याच्या रसाची थोरवी गाणारी पानंच्या पानं हजर. "बघा, आलं की नाही?" मी त्यांच्यासमोर माझ्या फोनवर "कारल्याच्या रसाचे दुष्परिणाम" असं लिहिलं. तेही पोतंभर आलं. नाना शांतपणे म्हणाले, "तुमचा फोन स्वस्तातला आहे."

नानांना हसणं सोपं आहे, पण मी स्वतः सकाळी उशिरा उठण्याबाबत "झोप किती तास आवश्यक" असं कधी शोधत नाही, "जास्त झोपेचे फायदे" असंच शोधतो. आणि मान दुखली की शोधतो ते मानेच्या दुर्मीळ आजारांबद्दल, कारण साधा आजार आपल्याला शोभत नाही. परवा आजारांची अशी यादी घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती न वाचता विचारलं, "उशा किती घेता?"

आता हे सगळं वर-खाली कोण लावतं, ही शंका आत्यालाही आली होती. "एवढ्या गर्दीतून हाच पहिला, हे ठरवतं कोण?" सुरुवातीला माणसंच ठरवायची. १९९४ साली स्टॅनफर्डच्या जेरी यँग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी चांगल्या संकेतस्थळांची हातानं यादी करायला घेतली, तीच पुढे याहू झाली. त्याच विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली गूगल कंपनी काढली ती वेगळ्या हिशेबावर. गावात शहाणा कोण हे त्या शहाण्याला विचारायचं नाही, गाव कुणाकडे बोट दाखवतं ते बघायचं. आणि बोट दाखवणारा स्वतः वजनदार असेल तर त्या बोटाला जास्त किंमत द्यायची. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जाणारा दुवा म्हणजे असं एक बोट. हिशेब अस्सल होता. पण हा हिशेब कळल्याबरोबर लोकांनी भाड्यानं बोटं आणायला सुरुवात केली आणि अनेक अतिशहाणे पहिल्या पानावर जाऊन बसले. त्यांच्याही वर बसतात ते रोख पैसे मोजणारे. त्यांच्यापाशी 'प्रायोजित' असा शब्द असतो. तो ज्या आकारात छापतात, त्या आकारात आमच्या बँकेत फक्त कर्जाच्या अटी छापत.

पहिल्या पानावरच्या शहाण्यांशी माझी गाठ पडली ती फ्रिजमुळे. फ्रिज गार करेना. मी ऐटीत कंपनीचं नाव लिहून पुढे 'कस्टमर केअर नंबर' असं टाकलं आणि पहिला आला तो नंबर फिरवला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला, की आमच्या शाखेत चाळीस वर्षांत कुणी ग्राहकाशी तसं बोललेलं नाही. तिथंच संशय यायला हवा होता. त्यानं नोंदणीसाठी दहा रुपये मागितले आणि एक ॲप फोनमध्ये घ्यायला सांगितलं. मी चष्मा पुसत ते शोधत असताना सौ. स्वयंपाकघरातून आली.

"अहो, बंद काय पडलंय? फ्रिज की फोन?"

"फ्रिज."

"मग तो माणूस फोन कशाला उघडायला सांगतोय?"

तिनं फोन काढून घेतला, बंद केला आणि कपाटातली साड्यांच्या बिलांची पिशवी आणली. तीत फ्रिजचं वॉरंटी कार्ड होतं आणि त्यावर कंपनीचा नंबर छापलेला होता. तो मी फिरवलेल्या नंबराशी एका आकड्यातही जुळत नव्हता. असे खोटे नंबर मुद्दाम पेरून ठेवलेले असतात. ते ॲप घेतलं की आपला पडदा तिकडच्या माणसाला दिसू लागतो, आणि पडद्यावर बँकेचा ओटीपीही येतो. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, जितका लवकर तितकी आशा जास्त. आमचे दहा रुपये वाचले. तेव्हापासून घरात कुठलाही नंबर हवा असला की तो मला विचारत नाहीत, साड्यांच्या पिशवीला विचारतात.

आत्याचा नी-कॅप मी माझ्या फोनवरून शोधला, त्याचीही फळं भोगली. फोननं परस्पर माझं वय ठरवलं. वर्तमानपत्र उघडलं तर वॉकर, क्रिकेटचा स्कोअर बघितला तर कमोडची खुर्ची, भजन लावलं तर 'आपल्या माणसांत नसल्याची खंत वाटू न देणारा निसर्गरम्य वृद्धाश्रम'. मी चिडून सौ.ला दाखवलं. तिनं शांतपणे वाचून विचारलं, "जेवण धरून आहे का हा दर?" मुलीनं मग मला डकडकगो दाखवलं. २००८ पासूनचं हे शोधयंत्र आपण काय शोधलं याची वही ठेवत नाही. आता गुडघ्याबिडघ्याचे नाजूक शोध मी तिथं घेतो. वृद्धाश्रम अजून अधूनमधून येतो, पण सौ. म्हणते ती माहिती तिनं स्वतः शोधली होती.

मेहुण्याचं प्रकरण याहून साधं होतं. तो कोल्हापूरहून पहाटेच्या गाडीनं येणार होता. मी गाडीचं नाव टाकलं, एका पानावर वेळ मिळाली, अलार्म लावून स्टेशनवर हजर झालो. गाडी नाही. दोन चहा झाले, गाडी नाही. शेजारच्या बाकावरच्या पोरानं माझी घालमेल पाहून फोन पुढे केला, "काका, ही कुठल्या साइटवर बघताय? रेल्वेचं एनटीईएस असतं ना, त्यावर गाडी आत्ता कुठं आहे तेच दिसतं." गाडी चांगली दोन तास मागे होती. मी बघितलेलं पान लॉकडाउनच्या आधीचं होतं आणि ते कबूल करणारी तारीख तळाशी, जाहिरातीखाली लपली होती. अखेर मेहुणा उतरला. मी त्याला सगळी कर्मकहाणी सांगितली. तो म्हणाला, "पण भावोजी, मी गाडीतच होतो. मला विचारायचं!"

या वाक्यात फार मोठं तत्त्व आहे, असं मला परतताना रिक्षात वाटू लागलं. गाडी कुठं आहे हे जगाला विचारून काय उपयोग? ते गाडी हाकणाऱ्याला माहीत. प्रत्येक माहितीचं कुठं ना कुठं एक दप्तर असतं आणि ते सांभाळणारा कुणीतरी असतो. आपण त्याला सोडून बाजारात चौकशी करत हिंडतो. मेहुण्याला हे बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "रिक्षा चुकीच्या रस्त्यानं चाललीय."

तत्त्व सापडलं तरी घरच्यांना ते पटायला पुतणीचं लग्न उजाडावं लागलं. पत्रिका पोस्टानं पाठवायच्या होत्या. एका पत्त्यात 'पाटील, वडगाव' एवढंच होतं. "पिन कोड टाका बघू," अशी फर्माईश आली. आता वडगाव. महाराष्ट्रात वडगाव किती, हे वडगावकरांनाही सांगता येणार नाही. बुद्रुक आहे, शेरी आहे, मावळातलं आहे, आणि नुसतंच वडगावही जागोजागी आहे. फोननं आमच्या घराला सर्वांत जवळचं वडगाव निवडलं आणि मी त्याचा पिन ठोकून दिला. लग्नाच्या दिवशी एक अनोळखी जोडपं आहेर घेऊन हजर. "पत्रिका आली होती, पाटील आम्ही." वडगावच्या पाटलांना पाठवलेलं पत्र कुठल्याही वडगावात पोचतंच, कारण पाटील सगळीकडे आहेत. माणसं मात्र इतकी चांगली होती, की आता आमचा त्यांच्याशी घरोबा आहे. आणि खऱ्या पाटलांनी संबंध तोडले आहेत.

हा गोंधळ होऊ नये म्हणूनच तर पिन कोड काढला गेला, आणि तो काढणारा माणूस मराठी होता. श्रीराम भिकाजी वेलणकर, केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ पासून त्यांची सहा आकड्यांची पद्धत देशभर लागू झाली. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड म्हणजे ४. शेवटचे तीन आकडे थेट टपाल कार्यालयाचे. गावाच्या नावासोबत तालुका-जिल्हा बघून पिन द्यायची सोय टपाल खात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे. म्हणजे दप्तर तिथं होतं आणि आम्ही आहेर घेत बसलो.

सातबाऱ्याचं तेच. चुलत भावाचा फोन आला, "दादा, आपलं ओढ्याकाठचं रान कुणाच्या नावावर आहे, जरा बघ." मी शोधलं तर व्हिडिओंची रांग लागली. प्रत्येकात एक जण "नमस्कार मित्रांनो" म्हणून सुरुवात करतो, चॅनेल सबस्क्राइब करायला सांगतो, घंटा दाबायला सांगतो, आणि सातबाऱ्यापर्यंत पोचेतो आपल्या जमिनीवर अतिक्रमण होऊन जातं. शेवटी सरकारच्या महाभूलेखवर गेलो. तिथं कुणी नमस्कार करत नाही. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर, बस्स. नुसता बघायचा तर फुकट, आणि कामाला चालणारा डिजिटल सहीचा हवा तर पंधरा रुपये. पण गट नंबर? भावाला माहीत नाही, मला माहीत नाही. नावावरूनही शोधता येतं, पण आमचं निम्मं गाव आमच्याच आडनावाचं. शेवटी आत्याला फोन केला. तिनं एका दमात गट नंबर सांगितला, चारही बाजूंचे शेजारी सांगितले आणि त्यातल्या एकानं बांध किती साली सरकवला तेही सांगितलं. हे शेवटचं कुठल्याही संकेतस्थळावर नाही.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दप्तर शोधण्याच्या कामात माझे पट्टशिष्य. बिल्डरनं बुकिंगच्या वेळी संकेतस्थळावर पोहण्याचा तलाव दाखवला होता. ताबा मिळाला तेव्हा त्या जागी पाण्याची टाकी होती. विचारलं तर म्हणाला, "तलावच आहे, फक्त झाकण लावलंय." आणि संकेतस्थळावरचं ते पान दुसऱ्या दिवशी गायब. सेक्रेटरी हताश. तेव्हा मुलीनं वेबॅक मशीन उघडलं. 'इंटरनेट अर्काइव्ह' ही संस्था १९९६ पासून जगभरच्या पानांच्या जुन्या प्रती राखून ठेवते, आणि २००१ पासून त्या कुणालाही बघता येतात. तिथं तो तलाव होता, निळाशार, कडेला छत्री, छत्रीखाली एक परदेशी बाई. आम्ही प्रिंट काढली. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा मंजूर नकाशा असतो, तोही काढला. दोन्ही कागद बिल्डरपुढे ठेवले. बिल्डर बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ही बाई कोण?"

शब्द अडला तर मात्र मी थेट शिकागोला जातो. अतिशयोक्ती नाही. आजोबांच्या जुन्या पत्रात 'फडताळ' आलं आणि मुलीनं अर्थ विचारला. तिनं आधी स्वतः शोधलं होतं, तर तिला फर्निचरची दुकानं आली, हप्त्याच्या सोयीसह. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश, हे शिकागो विद्यापीठानं नेटवर ठेवले आहेत, शोधण्याच्या सोयीसह आणि फुकट. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. तिकडे उठाव आणि इकडे कोश. मराठी शब्द बघायला अमेरिकेत जावं लागतं याचं आधी वाईट वाटायचं. आता वाटत नाही, कारण आमच्या घरातून व्हिसाशिवाय तिथं जाऊन येणारा मी एकटाच. विषयाची सविस्तर माहिती हवी असेल तर वाईला जातो. लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत उभा केलेला मराठी विश्वकोश आता फोनवर उघडतो. वाईला जाऊन आलो असं सांगितलं की आत्या विचारते, "ढोल्या गणपतीला गेलास का?"

शब्दच माहीत नसेल, नुसती वस्तू समोर असेल, तर फोटोवरून शोधायचं. या सोयीची कुळकथा रंजक आहे. २००० सालच्या ग्रॅमी सोहळ्याला जेनिफर लोपेझ एक हिरवा पोशाख घालून आली आणि लोकांनी तो गूगलवर इतका शोधला, की नुसत्या अक्षरांच्या उत्तरांनी कुणाचंच समाधान होईना. त्यातून २००१ साली चित्रांचा शोध सुरू झाला. पुढे चित्र देऊन चित्र शोधायचीही सोय आली. म्हणजे मूळ प्रेरणा कपड्यांचीच. आमच्या सौ.नं ही परंपरा इमानानं चालवली आहे. लग्नात एका विहीणबाईंनी पैठणी "अठरा हजारांची, येवल्याहून" म्हणून मिरवली. सौ.नं "किती छान फोटो येतोय तुमचा" असं म्हणत फोटो काढला, खांबाआड गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर अठराशे रुपये स्वच्छ दिसत होते. त्या दिवशी ती पंगतीत दोन वेळा जिलबी मागून घेऊन जेवली.

याच सोयीनं मी नानांनाही गाठायचा प्रयत्न केला. नानांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुराचा फोटो टाकला, 'कालची आपल्या गावची परिस्थिती, पुढे पाठवा'. मी फोटो उलटा शोधला. कित्येक वर्षांपूर्वीचा, भलत्याच राज्यातला निघाला. पुराव्यासह खाली गेलो. नानांनी चष्मा लावून दोन्ही फोटो ताडून पाहिले आणि म्हणाले, "पण पाणी तर खरंय ना?"

अलीकडे मुलगी म्हणते, "बाबा, शोधत काय बसतोस? चॅटबॉटला विचार, तो सरळ उत्तर देतो." मी विचारलं आमच्या गावाचा इतिहास. त्यानं झोकात एक किल्ला सांगितला, एक सरदार, एक घनघोर लढाई. माझी छाती फुगली. मग आठवलं.

मी लिहिलं, "आमच्या गावात किल्ला नाही. डोंगरही नाही."

"आपण अगदी बरोबर आहात. क्षमस्व. तो भुईकोट किल्ला होता."

"भुईकोटही नाही."

"आपलं निरीक्षण अचूक आहे. तो आता पूर्णपणे नामशेष झाला आहे."

इतकी नम्रता आणि इतकी छातीठोक थाप एकाच ठिकाणी मी फक्त निवडणुकीच्या दिवसांत पाहिली होती. आणि हे केवळ आमच्या गावापुरतं नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले खटल्यांचे दाखले कोर्टात सादर केले. ते खटले कधी झालेच नव्हते. कोर्टानं ५,००० डॉलर दंड ठोठावला, आणि तो मात्र खरा होता. २०२४ साली गूगलच्या एआयनं पिझ्झावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये डिंक घालायचा सल्ला दिला होता. तो कुणीतरी गमतीनं केलेल्या वर्षानुवर्षं जुन्या शेऱ्यातून उचललेला होता. मी हे सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "डिंकाचे लाडू म्हणायचं असेल त्याला."

तरी मी त्याला घराबाहेर काढलेलं नाही. अर्ज लिहायला सांगा, असा फर्डा लिहितो की सेक्रेटरींना आपणच तो लिहिला असं वाटतं. लांबलचक परिपत्रकाचं सार काढायला सांगा, नीट काढतो. फक्त त्यात तारीख, नंबर किंवा कायद्याचं कलम आलं, की मूळ कागद उघडून ताडून घ्यायचं. त्याच्याकडे भाषा आहे, दप्तर नाही.

तर माझं म्हणणं एवढंच. प्रश्न पडला की बोटं चालवण्याआधी स्वतःला विचारा, याचं दप्तर कुणाकडे आहे? गाडीचं रेल्वेकडे, पिनचं पोस्टाकडे, जमिनीचं महाभूलेखवर, शब्दाचं कोशात, गायब झालेल्या पानाचं अर्काइव्हमध्ये, फ्रिजचं वॉरंटी कार्डावर. कुठलंच दप्तर आठवलं नाही तर मग खुशाल गूगल. आणि तिथंही 'प्रायोजित' शब्द आणि पानाची तारीख बघून घ्या. घरात एखादी आत्या असेल तर गट नंबर आजच लिहून ठेवा. आणि माहिती नको असेल, आपलंच म्हणणं बरोबर आहे एवढं कुणाकडून तरी ऐकायचं असेल, तर नेट उगीच जाळू नका. तळमजल्यावर नाना असतात, संध्याकाळी पाच ते सात.